सुई, दोरा आणि लूप

माझी मावसबहीण नऊ वर्षांची आहे. गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत तिला कोडिंगच्या ऑनलाइन क्लासला घातलं. पोहायला घालतात ना, तितकंच सहज. क्लासमध्ये स्क्रॅच शिकवत होते. तुम्ही पाहिलं असेलच. रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवायचे, की पडद्यावरची मांजर चालायला लागते. टाइप जवळपास काहीच करायचं नाही. कल्पना एकदम मस्त. पण या क्लासमध्ये सर त्यांच्या स्क्रीनवर ठोकळे लावायचे आणि मुलांनी बघून तस्सेच लावायचे. जुळलं की शाब्बास. महिन्याने सर्टिफिकेट. एका दुपारी तिने मला विचारलं की हा हिरवा षटकोनी ठोकळा, ज्यावर ‘अँड’ लिहिलंय, तो इथे कशाला लागतो? सरांना विचारलं तर ते म्हणाले होते की तो तिथेच लावायचा असतो.

हे उत्तर माझ्या फार ओळखीचं. शाळेत गणिताच्या तासाला मी हेच ऐकत मोठी झाले, आणि दहावीनंतर गणिताला लांबूनच नमस्कार करून मास कम्युनिकेशनला आले. त्यामुळे मलाही तिला धड सांगता येईना. लाज वाटली, म्हणून शोधायला बसले. शोधता शोधता जिच्यापाशी येऊन थांबले ती बाई १८३२ साली जन्मलेली. तिच्या घरात वीज नव्हती, कम्प्युटर तर नव्हताच. होती सुई, रेशमाचा दोरा आणि कडेने भोकं पाडलेला पुठ्ठा.

तिचं नाव मेरी एव्हरेस्ट बूल.

या नावातलं बूल तुम्हाला कम्प्युटरच्या पुस्तकात भेटलं असेल. ‘बुलियन’ म्हणतात ते. तो जॉर्ज बूल, मेरीचा नवरा. आणि एव्हरेस्ट? हो, तोच. शिखराला ज्यांचं नाव दिलं ते जॉर्ज एव्हरेस्ट तिचे काका. म्हणजे एका बाजूला जगातलं सगळ्यात उंच शिखर, दुसऱ्या बाजूला जगातल्या प्रत्येक कम्प्युटरच्या पोटातलं लॉजिक, आणि मध्ये ही बाई. एवढ्या मोठ्या दोन नावांमध्ये माणूस दबूनच जायचा. तीही जवळजवळ दबली.

मेरीचा जन्म इंग्लंडमधल्या विकवर या गावचा. वडील चर्चमध्ये धर्मोपदेशक. ती पाच वर्षांची असताना वडील खूप आजारी पडले. होमिओपथीवर त्यांचा गाढ विश्वास, म्हणून होमिओपथीचे जनक हानेमान यांच्या जवळ राहता यावं यासाठी त्यांनी अख्खं बिऱ्हाड फ्रान्सला हलवलं. पॅरिसजवळ प्वासी नावाच्या गावात मेरीचं बालपण गेलं. तिथे तिला शिकवायला मस्यू देप्लास नावाचे शिक्षक होते.

या मास्तरांवर जरा थांबू या, कारण पुढचं सगळं इथून सुरू होतं. ते मेरीला गणित समजावून सांगायचेच नाहीत. एक छोटा प्रश्न विचारायचे, तिला उत्तर लिहायला लावायचे. मग दुसरा प्रश्न. मग तिसरा. प्रत्येक प्रश्न इतका सोपा की उत्तर यायचंच. शेवटी तिने लिहिलेली उत्तरं ओळीने तिच्यासमोर असायची आणि मूळ अवघड गणिताचं उत्तर त्यातच दिसायचं. तिने स्वतःच ते सोडवलेलं असायचं, फक्त सोडवतोय हे तिला कळलेलं नसायचं. मोठा प्रश्न फोडून छोट्या पायऱ्या करायच्या, एकेक पायरी पक्की करायची. आज कोडिंगचा पहिला धडा म्हणून जे शिकवतात ते हेच. मेरीला ते सात-आठ वर्षांची असताना मिळालं, कागदावर.

याच वयातली आणखी एक गोष्ट तिने म्हातारपणी लिहून ठेवली आहे. तेव्हा दुकानात पुठ्ठ्याची जोडकार्डं मिळायची. सुया ठेवायची वही किंवा टाचण्यांची उशी करायला. कडेने भोकं पाडलेली असायची, त्यातून दोन कार्डं एकत्र शिवायची, आणि मधल्या कोऱ्या जागेवर मुलींनी सुंदर चित्र काढायचं. मेरीला चित्र काढता यायचं नाही. मग तिने भोकांमधून रेशमी दोरे आरपार ओवायला सुरुवात केली. आधी अगदी समोरासमोरच्या भोकांत. सगळे दोरे मध्यावर एकमेकांना छेदायचे आणि कार्ड भरून जायचं. याचा कंटाळा आल्यावर तिने समोरच्या नाही, तर थोड्या बाजूच्या भोकात दोरा घालून पाहिला. प्रत्येक वेळी तेवढंच बाजूला. कार्डाच्या मध्ये एक छोटी मोकळी जागा उरली. त्या जागेची कड गोलाई असलेली होती! कुणीही गोल काढला नव्हता. सगळे दोरे सरळ होते. प्रत्येक दोऱ्याचा चिमूटभर तुकडा मिळून ती गोलाई झाली होती. ते दिसल्यावर झालेला आनंद म्हातारपणीही तिच्या आठवणीत ताजा होता.

अकराव्या वर्षी कुटुंब इंग्लंडला परतलं. शाळा लवकरच सुटली, कारण वडिलांना प्रवचनं तयार करायला, गावातली कामं करायला मदत हवी होती. मुलीला पुढे शिकवायचा विषयच नव्हता. वडिलांच्या कपाटातली गणिताची पुस्तकं काढून तिने कॅल्क्युलस एकटीने वाचायला घेतलं.

याच सुमाराला, १८४३ मध्ये, काका जॉर्ज भारतातून निवृत्त होऊन परतले. इथे थोडं आपल्याकडचं सांगते, कारण हे मलाही माहीत नव्हतं. भारत मोजण्याचं ते प्रचंड काम, ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हे, सुरू केलं विल्यम लॅम्बटन यांनी. मोजणी करत करत ते उत्तरेकडे सरकत होते आणि १८२३ मध्ये वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला त्यांचा मृत्यू झाला. त्यांची कबर तिथेच आहे. त्यांच्यानंतर काम हातात घेतलं ते एव्हरेस्ट यांनी. म्हणजे मेरीच्या काकांच्या प्रसिद्धीचा रस्ता हिंगणघाटवरून जातो. शिखराची उंची काढणारे राधानाथ सिकदार हे आणखी वेगळंच प्रकरण, त्यांच्यावर स्वतंत्र लेख व्हायला हवा.

मेरी अठरा वर्षांची असताना आयर्लंडमधल्या कॉर्कला गेली. तिचे मामा तिथल्या क्वीन्स कॉलेजात ग्रीकचे प्राध्यापक होते. त्याच कॉलेजात गणिताचा नवा प्राध्यापक आला होता, जॉर्ज बूल. चांभाराचा मुलगा, विद्यापीठाचं तोंड न पाहिलेला, घर चालवायला एकोणिसाव्या वर्षी स्वतःची शाळा काढलेला. मेरीपेक्षा जवळपास सतरा वर्षांनी मोठा. त्याने तिच्या अडलेल्या गणितांत मदत करायला सुरुवात केली. पत्रं, शिकवण्या, पुन्हा पत्रं. १८५५ मध्ये तिचे वडील गेले आणि त्याच वर्षी दोघांनी लग्न केलं.

आता तो हिरवा ठोकळा.

बूलने जे केलं ते सांगायला सोपं आहे, सुचायला भयंकर अवघड. आपण विचार करताना जे शब्द वापरतो, आणि, किंवा, नाही, त्यांचंही गणित मांडता येईल असं त्याने दाखवलं. बाहेर पाऊस आहे आणि तुमच्याकडे छत्री नाही, तरच तुम्ही भिजणार. दोन्ही खरं असेल तर एक, एकही खोटं असेल तर शून्य. झाला अँडचा ठोकळा. दुसरी गंमत बघा. टोपलीतून लाल फुलं वेचली. वेचलेल्यांतून पुन्हा लाल वेचली. काय उरलं? तीच लाल फुलं. म्हणजे एखाद्या गोष्टीला तिनेच गुणलं तर तीच गोष्ट यायला हवी. आकड्यांमध्ये असे आकडे दोनच: शून्य आणि एक. बूलचं हे पुस्तक १८५४ मध्ये आलं. तेव्हा त्याचा काय उपयोग हे कुणालाच दिसत नव्हतं. १९३७ मध्ये अमेरिकेत क्लॉड शॅनन नावाच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने दाखवून दिलं की विजेचे स्विच याच गणिताने चालवता येतात. एकवीस वर्षांचा! मी बावीसची आहे, असो.

लग्नानंतर मेरी जॉर्जच्या हस्तलिखितांची पहिली वाचक झाली. त्याचं डिफरन्शिअल इक्वेशन्सचं पाठ्यपुस्तक तिने शिकणाऱ्याच्या नजरेतून वाचलं. इथे मुलगा अडखळेल, इथली पायरी सुटली आहे, असं ती दाखवायची. आजच्या भाषेत बोलायचं तर ती टेस्टिंग करत होती. नऊ वर्षांत पाच मुली झाल्या.

नोव्हेंबर १८६४. घरापासून कॉलेज काही मैलांवर. जॉर्ज धो धो पावसात चालत गेला आणि ओल्या कपड्यांनीच लेक्चर दिलं. घरी आला तो तापाने फणफणून. मेरी वडिलांच्या घरात वाढलेली. ज्याने आजार झाला त्यातच त्याचं औषध आहे हे तिच्या मनात खोल रुजलेलं. तिने त्याला ओल्या चादरींत गुंडाळून ठेवलं असं सांगितलं जातं. काही जण तर अंगावर बादलीने पाणी ओतल्याचंही सांगतात. डिसेंबरच्या ८ तारखेला जॉर्ज बूल गेला. वय ४९.

हे वाचून मी बराच वेळ पुढे लिहू शकले नाही. विचार कसा करावा याचे नियम ज्या घरात लिहिले गेले, त्याच घरात हे घडलं. तिच्यावर हसणारे लेख खूप आहेत. मला हसू आलं नाही. आपल्या घरांतही ताप आल्यावर काय काय उपाय होतात ते आठवून बघा.

मेरी ३२ वर्षांची विधवा. थोरली मुलगी आठ वर्षांची, धाकटी सहा महिन्यांची. पैसे नाहीत. लंडनला क्वीन्स कॉलेज नावाची मुलींसाठीची संस्था होती, १८४८ मध्ये निघालेली, इंग्लंडमधल्या मुलींच्या उच्च शिक्षणाची अगदी सुरुवातीची जागा. मेरीला तिथे काम मिळालं. पण शिकवायचं नाही. बायकांनी कॉलेजात शिकवायचं नसे, मुलींच्या कॉलेजातसुद्धा. तिला ग्रंथपाल नेमलं. आपल्याकडे शिक्षिकेला ‘बाई’ म्हणतात ना, तर इंग्लंडमधल्या सगळ्यात हुशार बाईंना बाई होता आलं नाही.

मग तिने काय केलं? घरातच विद्यार्थिनींच्या राहण्याजेवणाची सोय केली आणि रविवारी संध्याकाळी गप्पांची बैठक सुरू केली. वर्ग नाही, फळा नाही, हजेरी नाही. मुलींनी यायचं, बसायचं, बोलायचं. गणित निघायचं, लॉजिक निघायचं, डार्विन निघायचा. त्यातल्या एकीने पुढे लिहिलं की त्या वेळी आपली करमणूक चालली आहे असंच वाटायचं. आपल्या हातात काय आलं होतं ते नंतर कळलं.

लायब्ररीतली नोकरी पुढे सुटली. मग जेम्स हिंटन नावाच्या डॉक्टर-लेखकाकडे तिने सचिवाचं काम केलं. वयाच्या पन्नाशीत स्वतः लिहायला लागली. पुस्तकांची नावं वाचूनच कळेल बाई कशी होती: ‘लॉजिक टॉट बाय लव्ह’, ‘द प्रिपरेशन ऑफ द चाइल्ड फॉर सायन्स’ आणि १९०९ चं ‘फिलॉसॉफी अँड फन ऑफ अलजेब्रा’. बीजगणित आणि मजा, एका मुखपृष्ठावर, १९०९ मध्ये!

आणि इथे ती लहानपणची कार्डं परत येतात. चित्र न येणाऱ्या मुलीने मन रमवायला काढलेला खेळ मेरीने मुलांच्या हातात दिला.

आता एक कागद घ्या. खरंच घ्या. जाडसर असेल तर उत्तम, बुटाच्या खोक्याचं झाकण चालेल. त्यावर इंग्रजी एल काढा, एक रेघ उभी, एक आडवी. कोपऱ्यापासून सुरुवात करून दोन्हींवर सारख्या अंतरावर दहा दहा भोकं पाडा आणि त्यांना १ ते १० आकडे द्या. कोपऱ्याजवळचं भोक दोन्हीकडे १. आता आडव्यावरच्या १ मधून दोरा काढून उभ्यावरच्या १० मध्ये घाला. मग २ मधून ९ मध्ये. ३ मधून ८ मध्ये. मागच्या बाजूने दोरा फक्त शेजारच्या भोकात सरकवायचा, लांब उडी मारायची नाही. दोन्ही आकड्यांची बेरीज कायम ११. शेवटचा टाका १० मधून १ मध्ये. आता झाकण हातभर लांब धरून बघा.

वळण दिसेल. सुंदर, वाकलेलं, बैलाच्या शिंगासारखं. त्याला गणितात पॅराबोला म्हणतात, आपल्या पुस्तकातला अन्वस्त. हवेत फेकलेला चेंडू ज्या वाटेने खाली येतो ती वाट. तुम्ही तर फक्त सरळ टाके घातलेत.

जुन्या घरांच्या शोकेसमध्ये काळ्या मखमलीवर खिळे ठोकून दोऱ्याने केलेली शिडाची नाव असते ना? माझ्या आजीकडे अजून आहे. ती याच खेळाची नातेवाईक. कार्यानुभवाच्या तासाला कुणीतरी ती शिकवली, मार्क दिले आणि वही मिटली. त्यात गणित आहे हे सांगायचं राहूनच गेलं.

आता हेच स्क्रॅचच्या डोळ्यांनी बघा. एक आकडा १ पासून सुरू. दुसरा १० पासून. रेघ मारा. पहिल्यात एक मिळवा, दुसऱ्यातून एक वजा करा. हे दहा वेळा करा. हे लूप आहे, दुसरं काही नाही. दोन व्हेरिएबल, एक नियम, दहा फेऱ्या. फरक इतकाच की मेरीच्या खेळात प्रोग्रॅम चालवणारं यंत्र म्हणजे मुलाचा हात. आणि चूक झाली तर? एक भोक चुकलं की वळणाला पोक येतं. मुलाला लगेच दिसतं. कुणी लाल रेघ ओढावी लागत नाही. ते स्वतःच उसवतं आणि चुकलेला टाका शोधतं. डीबगिंग शिकायला यापेक्षा स्वस्त साधन मला तरी माहीत नाही.

पण मेरीची खरी अट वेगळीच होती, आणि तीच आपल्याला जड जाते. मोठ्यांनी गप्प बसायचं. हे काय तयार झालं, याचं नाव काय, नियम काय, हे मुलाला आधी सांगायचं नाही. तिचं म्हणणं होतं की आकार आधी बोटांत उतरू दे, डोळ्यांत मुरू दे. नाव नंतर येईल, वर्षांनी आलं तरी चालेल. तिला स्वतःला कॅल्क्युलस वाचताना ते बालपणीचे दोरे उपयोगी पडले होते. मध्ये विश्रांती हवी यावरही तिचा फार भर. शिकणं म्हणजे काम आणि आराम यांचा ठेका. सतत रेटत राहिलं तर डोक्यात काही मुरत नाही. तासाला तीन कन्सेप्ट पूर्ण करणाऱ्या क्लासवाल्यांना हे सांगून बघा.

तिच्या या कार्डांवर १९०६ मध्ये ईडिथ सॉमरव्हेल या बाईंनी एक पूर्ण पुस्तक लिहिलं. प्रस्तावना मेरीची. पुढे ही शिवणाची कार्डं शाळांमध्ये बूलच्या नावाने ओळखली गेली. निदान इथे तरी बूल म्हणजे ती होती.

बीजगणिताच्या पुस्तकातली तिची एक गोष्ट मला शाळेत कुणी सांगितली असती तर, असं वाटत राहतं. एक्स म्हणजे काय? तिचं म्हणणं थोडक्यात असं, की एखादा आकडा आपल्याला माहीत नाही हे लपवायचं नाही. सरळ मान्य करायचं, त्या न कळलेल्या गोष्टीला एक नाव द्यायचं आणि तिला सोबत घेऊनच पुढे चालायचं. चालता चालता ती कोण आहे ते उघड होतं. बीजगणित म्हणजे आपल्या अज्ञानाशी प्रामाणिक राहणं. व्हेरिएबलची याहून चांगली ओळख मी ऐकलेली नाही. मी आठवीत एक्सला घाबरायचे, कारण तो सगळ्यांना माहीत आहे आणि मलाच नाही असं वाटायचं.

तिच्या मुलींचं बघा. शिकवण्याची पद्धत खरी की खोटी हे शेवटी घरातच कळतं. लूसी रसायनशास्त्रज्ञ झाली आणि १८९४ मध्ये इन्स्टिट्यूट ऑफ केमिस्ट्रीची पहिली महिला फेलो. एथेलने ‘द गॅडफ्लाय’ ही कादंबरी लिहिली, जी रशिया-चीनमध्ये लाखोंनी वाचली गेली. आणि अॅलिशिया. तिला विद्यापीठ मिळालंच नाही. थोरल्या मेरी एलनने जेम्स हिंटनच्या मुलाशी, हॉवर्डशी लग्न केलं होतं. चौथी मिती कशी कल्पावी याच्या नादाने हा माणूस झपाटलेला. ‘टेसरॅक्ट’ हा शब्द त्याचाच. मार्व्हलवाल्यांनो, नोंद घ्या. तो रंगीत लाकडी ठोकळे मांडून मेव्हण्यांना चौथी मिती शिकवायचा. बाकीच्या कंटाळल्या असतील, अॅलिशियाला ती खरोखर दिसायला लागली. चार मितींतल्या आकृत्या कापल्या तर त्यांचे काप कसे दिसतील, याचे तिने घरात बसून पुठ्ठ्याचे नमुने केले. संसार, दोन मुलं सांभाळून. नेदरलँड्समधल्या एका प्राध्यापकाच्या लक्षात आलं की ही बाई बरोबर आहे. १९१४ मध्ये ग्रोनिंगेन विद्यापीठाने तिला मानद डॉक्टरेट दिली. रंगीत ठोकळ्यांनी सुरुवात करून.

हॉवर्डचं बाकी चरित्र म्हणजे वेब सीरिज आहे. दोन लग्नांच्या खटल्यात शिक्षा झाली, देश सोडला, जपानला गेला. पण आपल्या विषयाचं एवढंच, की जपानमध्ये त्याने मुलांसाठी बांबूंची उभीआडवी चौकट बांधली. तो आकडे ओरडायचा, इतके उजवीकडे, इतके आत, इतके वर, आणि मुलांनी चढत धावत त्या नेमक्या सांध्यावर पोचायचं. निर्देशक शिकवायचा खेळ! स्क्रॅचच्या मांजरीला आपण एक्स आणि वाय देऊन पळवतो, तसं तो पोरांना पळवायचा. त्यातला एक मुलगा सेबॅस्टियन, म्हणजे मेरीचा नातू, मोठेपणी अमेरिकेत वकील झाला. बालपणीची ती चौकट आठवून त्याने १९२० च्या दशकात एका खेळण्याचं पेटंट घेतलं: जंगल जिम. आपल्या प्रत्येक नगरपालिकेच्या बागेत जी लोखंडी पाइपांची चौकट असते, जिच्यावर उलटं लटकून आपण गुडघे फोडलेत, ती. आकड्यांचा खेळ मात्र कुठल्याच बागेत पोचला नाही.

आता तिच्या दुसऱ्या बाजूचंही सांगायला हवं, नाहीतर ही आरती होईल. मेरीचा अनेक गूढ गोष्टींवर विश्वास होता. मनाच्या अदृश्य शक्तींवर तिने पुस्तक लिहिलं आणि त्यावरून टीकाही ओढवून घेतली. १९०१ मध्ये तिने जगदीशचंद्र बोस यांना उद्देशून एक खुलं पत्र लिहिलं. त्यात दावा असा, की काकांमार्फत भारतीय विचार इंग्लंडला आला आणि बॅबेज, डी मॉर्गन आणि बूल यांच्या कामात उतरला. वाचायला आपल्याला गोड वाटतं. कम्प्युटर मुळात आपलाच, असे फॉरवर्ड यायला वेळ लागणार नाही. पण या दाव्याचा आधार मुख्यतः घरातल्या आठवणी आणि तिची भारताबद्दलची ओढ. ओढ खरी होती, तेवढं म्हणू या. अशा बाईने मुलांना स्वच्छ विचार शिकवावा हा विरोधाभास आहे का? मला आधी वाटला. मग वाटलं, ज्याला सगळं कळलंय असा माणूस इतका वेळ गप्प बसून मुलाकडे बघत राहिला नसता.

मेरी गेली १७ मे १९१६ ला, लंडनमध्ये, ८४ व्या वर्षी. जॉर्जनंतर ५१ वर्षं जगली. तिचं सगळं लेखन चार खंडांत एकत्र आलं ते १९३१ मध्ये. २०२४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल ज्या दोघांना मिळालं, त्यातले एक जेफ्री हिंटन. एआयमधलं मोठं नाव. पूर्ण नाव जेफ्री एव्हरेस्ट हिंटन. मेरी आणि जॉर्ज बूल यांचे खापरपणतू, थोरल्या मेरी एलनच्या वंशातले.

हे सगळं वाचून मी मावसबहिणीकडे गेले. जाताना बुटाचं खोकं, दाभण आणि निळा दोरा नेला. भोकं पाडून दिली, नियम सांगितला आणि कबूल केल्याप्रमाणे गप्प बसले. फार अवघड गेलं, खोटं कशाला बोलू. सहाव्या टाक्याला तिचं चुकलं आणि माझं तोंड उघडणार एवढ्यात मावशीने चहाला हाक मारली म्हणून वाचले. परत आले तर तिने तो टाका उसवलेला होता. वळण दिसल्यावर ती काही बोलली नाही. खोकं उलटंपालटं करून बघत बसली. मग विचारलं की बेरीज १२ ठेवली तर काय होईल. मला माहीत नव्हतं, आणि या वेळी मी तसं सांगितलं.

दोन संध्याकाळी तिने लॅपटॉप सोडला नाही. क्लास संपला होता, सर नव्हते, बघून लावायला समोर काही नव्हतं. स्क्रॅचमधल्या पेनने तिने तेच वळण काढलं. पहिल्यांदा रेघा पडद्याबाहेर गेल्या, मग सगळ्या एकावर एक आल्या, मग आलं. आता एका कोपऱ्यात नाही, चारही कोपऱ्यांत काढते आहे. मध्ये चांदणी तयार होते. तो हिरवा अँडचा ठोकळा कुठे वापरला ते मी शोधत होते. तो यात लागतच नाही, म्हणाली.